तात्पुरते

शुक्रवारचा बाजार उठल्यावर म्हापशात
चिरडलेल्या मिरच्यांचा वास जिन्याने वर येतो.
वर पतसंस्थेची सर्व्हरखोली:
एक पंखा, एक स्टूल, आणि मी.

तेरा शाखांचा प्रत्येक निरोप आधी इथे येतो,
मग बँकेकडे जातो.
या मधल्याला प्रॉक्सी म्हणतात.
बाबा त्याला प्रोकुरादोर म्हणाले असते.
ते नोटरीकडे कारकून होते,
पोर्तुगीज गेले तरी त्यांची पोर्तुगीज गेली नव्हती.
"शिक्का खरा की खोटा, ते कुणीही बघतो," म्हणायचे,
"कागदावर नाव कुणाचे,
ते बघायचा पगार असतो."

सोमवारी ऑडिटर यायचा आहे,
म्हणून आज एक प्रमाणपत्र काढले.
रीतसर. खऱ्या संस्थेची खरी सही.
नाव मात्र मांजराच्या फोटोंसाठी घेतलेल्या माझ्या पत्त्याचे.
आणि बँकेच्या वाटेत जाऊन उभी राहिले.

प्रॉक्सीने विचारले, कोण?
मी प्रमाणपत्र पुढे केले.
त्याने सही पाहिली,
मुदत पाहिली,
आणि मला बँक समजून
सांगायला लागला.

चाचणीच्या खात्याची वाट बघत होते.
आला शिवोलीहून एक खरा निरोप,
रात्री अकरा चाळीसला.
एस्पेरान्सा फुर्तादो.
पासवर्ड: मुलाचे लाडके नाव, पुढे त्याच्या जहाजाचा नंबर.
शिल्लक दोन हजार एकशे चाळीस.
आज नवव्यांदा विचारले होते तिने.

तार ओढून काढली मी, अक्षरशः.
पण वाचलेले
न वाचलेले कसे करायचे?

तिच्या फोनवर तेव्हा कुलूप दिसत असणार,
छोटे, बंद.
बंदच होते ते.
किल्ली कुणाच्या हातात गेली
एवढे विचारायचे राहून गेले होते.

मग ती फाइल उघडली. दोनशे ओळी.
एकशे सत्तेचाळिसाव्या ओळीत:
नावाची पडताळणी, नको.
शेजारी शेरा: तात्पुरते. उद्या चालू करणे.
खाली तारीख, आणि आद्याक्षरे.

माझी.

चवथीच्या आदला दिवस होता तो.
बँकेने न सांगता नाव बदलले होते प्रमाणपत्रावर,
तेराही शाखा अडकल्या,
डिचोलीत लोक काउंटरवर हात आपटत होते,
वळवईकर फोनवर ओरडत होते, "बाई, काहीतरी करा",
आणि माझे माटोळीचे सामान घ्यायचे राहिले होते.
मी काहीतरी केले.
रांगा हलल्या. वळवईकरांनी नेवऱ्या पाठवल्या.
त्या सुंदर होत्या, अजून आठवतात.

आता पुढची चवथ पंधरा दिवसांवर.
जवळजवळ वर्षभर
कुणीही यावे, खरी सही दाखवावी,
आणि एस्पेरान्साच्या मुलाचे लाडके नाव घेऊन जावे.
कुणी आले होते का?
लॉग उलटे वाचले, सुलटे वाचले.
प्रत्येक ओळीपुढे एकच शब्द: यशस्वी.
माझ्या मांजरापुढेही.

"नको" खोडून "हो" लिहिले.
बदलायचे ते एवढेच होते.
तार लावली, पुन्हा वाटेत उभी राहिले,
पुन्हा प्रमाणपत्र पुढे केले.
त्याने सही पाहिली, मुदत पाहिली,
नावापाशी थांबला,
आणि दार लावून घेतले माझ्या तोंडावर.
बाबांना आवडले असते.

अहवालात आधी लिहिले:
"कर्मचाऱ्यांपैकी कुणाकडून तरी".
तो शिक्का खरा होता, नाव नव्हते.
खोडले. पूर्ण नाव लिहिले, आडनावासकट.
तेरा शाखांतल्या सगळ्यांनी पासवर्ड बदलावेत,
एस्पेरान्साला मी स्वतः जाऊन सांगेन,
हेही लिहिले. ते जास्त जड गेले.

पहाटे खाली पोदेराचा भोंगा वाजला.
पडद्यावर शिवोलीची एक ओळ सरकली,
दहाव्यांदा.
माझ्यापाशी न थांबता
ती सरळ बँकेकडे गेली, उत्तर घेऊन परतली.

पैसे आले का,
मला माहीत नाही.